मुतिंता माफीनामा टाइप करत नाही

एखाद्या माणसाचं ठाम असणं लांबून फार छान दिसतं. तेच माणूस आपल्या दुकानात, आपल्या खुर्चीत बसून, आपल्या कीबोर्डवर हात ठेवून ठाम व्हायला लागलं की डोक्याला किती ताप होतो, ते मनोरमाताई वाळिंब्यांना विचारावं. सोमवारपासून त्या मुतिंताला एकच गोष्ट सांगत होत्या, की चार ओळींचा माफीनामा टाइप कर. ‘माझी कथा कोणावरही लिहिलेली नाही, कोणाचं मन दुखावलं असेल तर मी माफी मागते,’ आणि खाली सही. दिवसाला साठ अर्ज टाइप करणाऱ्या बाईला हे काम असून असून किती मिनिटांचं? मुतिंता ‘नाही मॅडम’ म्हणायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा पासपोर्ट उघडायची. बुधवार उजाडला तरी तेच. मुदत होती गुरुवारची.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजला लागून मनोरमाताईंचं टायपिंग सेंटर आहे. या देशात राहायचं म्हणजे अर्ज आलेच. व्हिसाचा अर्ज, आयडीचा अर्ज, मेडिकलचा अर्ज, आणि आधीच्या अर्जात चूक झाली म्हणून पुन्हा अर्ज. ते इंग्रजी-अरबीत बिनचूक भरून द्यायचे, हा धंदा. त्यांचे यजमान उल्हासराव भरलेले कागद घेऊन दिवसभर कचेऱ्यांमधून फिरतात, आणि कोणताही पेच पडला की ‘तू बघ’ म्हणून मोकळे होतात. त्यामुळे गेली बावीस वर्षं सगळं मनोरमाताईच बघतात. त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याला आयडी कार्डाबरोबर कागदाच्या कपाटाची किल्ली असते. रोज सकाळी आणि दुपारी त्या कपाट उघडून प्रत्येक टायपिस्टला पन्नास कोरे कागद काढून देतात, अंगठ्याने कडा सारख्या करून. ‘रीम पंधरा दिरहमला झालीय,’ असं म्हणतात, आणि लगेच, ‘म्हणजे साडेतीनशे रुपये!’

या सेंटरमध्ये मुतिंता आठ वर्षांपूर्वी आली ती गिऱ्हाईक म्हणून. काउंटरवर तेव्हा दुसरी एक मुलगी होती. मुतिंता पलीकडून तिचं टायपिंग उलट्या बाजूने वाचत उभी होती. ‘माझा देश झांबिया आहे, तुम्ही झिम्बाब्वे लिहिलंय,’ ती म्हणाली, आणि मग त्याच उलट्या अर्जातल्या आणखी पाच चुका तिने शांतपणे दाखवल्या. मनोरमाताईंनी तिला आत बोलावून चहा दिला आणि चहा संपायच्या आत नोकरी दिली. उलटं वाचणारी टायपिस्ट त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

झांबियातल्या चोमा गावी, चार मुलग्यांच्या पाठीवर ही मुलगी झाली. त्यांच्याकडे अशा पालट घडवणाऱ्या मुलीला मुतिंता म्हणतात. वडील रेल्वेत होते, आई बाजारात कपेंटा विकायची. कपेंटा म्हणजे तळ्यातले वाळवलेले बारके मासे. मुतिंताने डब्यातून आणलेले ते मासे मनोरमाताईंनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या, अगं, ही तर आमची सुकट. तेव्हापासून महिन्यातून एकदा दोघी पुढच्या दाराला ‘नमाज ब्रेक’ची पाटी लावून मागच्या खोलीत सुकट खातात, कारण वास.

मुतिंता टायपिंग शिकली, शाळेत कारकून झाली आणि शाळेच्याच मशीनवर गोष्टी लिहायला लागली. बाविसाव्या वर्षी तिची पहिली गोष्ट वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर आली. मग मध्ये सहा वर्षं काहीच नाही. का नाही, हे ती कधी सांगत नसे. पुढे ती दुबईला आली आणि दुबई मरीनाच्या एका उंच इमारतीत हॉटेलच्या खोल्या आवरायला लागली. पाहुणे उशाशी ठेवलेल्या छोट्या पॅडवर दोन आकडे खरडून निघून जात. उरलेली पानं मुतिंताची. त्या पानावर सात ओळी मावत, म्हणून माझी वाक्यं आखूड झाली, असं ती सांगते. इथे आल्यावर पॅड सुटलं आणि बाद झालेले अर्ज हाती आले. नाव चुकलं, तारीख चुकली की प्रिंट वाया जाते आणि ट्रेमध्ये पडते. मुतिंता त्यावरच्या पासपोर्ट नंबरावर काळा मार्कर फिरवते, कागद पालथा करते आणि जेवणाच्या सुट्टीत लिहिते. तिच्या गोष्टी नैरोबीच्या एका ऑनलाइन मासिकात आल्या, घानातल्या आक्राच्या एका संग्रहात आल्या, एका बक्षिसाच्या अंतिम यादीतही नाव लागलं. आणि आता चाळिशी ओलांडल्यावर झांबियातल्या लुसाकाचा एक छोटा प्रकाशक तिचं पुस्तक काढणार होता. बारा कथा हव्या होत्या. अकरा तयार होत्या.

मनोरमाताईंना याचा कोण अभिमान. आक्राचा तो संग्रह त्यांनी काउंटरवर फोटोकॉपीच्या दरपत्रकाशेजारी उभा करून ठेवला होता. ‘आमची मुतिंता रायटर आहे हं,’ असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांनी स्वतः त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं. वाचायला वेळ कुठे असतो माणसाला.

सगळा घोळ घातला तो त्यांच्या लेकीने. शर्वाणी इथेच वाढलेली, इथेच नोकरीला लागलेली. तिला मासिकात मुतिंताची ‘साखरेचं कपाट’ ही गोष्ट दिसली, आवडली, आणि तिने ती उचलून मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दोनशे दहा माणसं. पहिल्या तासात बदाम आणि टाळ्या. दुसऱ्या तासात शांतता. मग विद्युल्लताबाईंचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज.

गोष्ट चोमामधल्या एका सासूची होती. साखर, चहा आणि मेणबत्त्या ती कपाटात कुलूपबंद ठेवते आणि सुनांना रोज सकाळी मोजून देते. गोष्टीत रेल्वेचं क्वार्टर होतं, मक्याचं शेत होतं, गायी होत्या, कपेंटाही होता. पण विद्युल्लताबाईंचं म्हणणं असं, की ही सासू म्हणजे मीच. का, तर त्यांच्या घरी आमरसाचे डबे ठेवलेल्या फ्रीझरला कुलूप आहे. हे मुतिंताला कसं कळलं? तर त्यांनीच सांगितलं होतं, मनोरमाताईंना, मराठीतून, काउंटरवर उभं राहून, मुतिंता त्यांच्या स्वयंपाकिणीचा अर्ज टाइप करत असताना. इथे सगळे असंच करतात. अर्ज भरून होईपर्यंत अर्धा तास लागतो, तेवढ्यात सून, जाऊ, पाळी, पित्त, सगळं बोलून घेतात, कारण टायपिस्टला मराठी येत नाही. आठ वर्षं कानावर पडल्यावर कोणालाही काय काय यायला लागतं, याचा हिशोब कोणी केला नव्हता. आता एकदम सगळ्यांना घाम फुटला. आणखी दोघींनी स्वतंत्रपणे कळवलं की ती सासू विद्युल्लता नसून आपण आहोत. मक्याच्या शेताचं काय, असं शर्वाणीने ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं, ते ओळखू येऊ नये म्हणून घातलंय.

‘मम्मा, इट्स फिक्शन. दे आर बीइंग रिडिक्युलस,’ शर्वाणी म्हणाली आणि ऑफिसला गेली. घोळ घालून ऑफिसला जाणं ही या पिढीची खासियत आहे.

विद्युल्लताबाई नुसत्या विद्युल्लताबाई असत्या तर मनोरमाताईंनी त्यांना चहा पाजून गुंडाळलं असतं. पण त्या अंबादास कोलत्यांच्या पत्नी. अंबादासभाऊंची रंगकाम आणि पार्टिशनची कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी, शेकडो कामगार, आणि त्या सगळ्यांचे अर्ज मनोरमाताईंकडे. निम्मं दुकान त्या फाइलींवर चालतं. अंबादासभाऊ रविवारी स्वतः आले. गाडीची किल्ली काउंटरवर ठेवून ते खुर्चीत टेकले. तो माणूस भांडायला आलेला नव्हता, नुसता दमलेला होता.

‘वहिनी, मला कटकट नकोय. पण चार दिवस घरात एक मिनिट पीस नाही,’ ते म्हणाले. ‘सुनेने ती स्टोरी फ्रीझरवर चिकटवलीय. प्रिंट काढून. गुरुवारपर्यंत त्या बाईकडून अपॉलॉजी लिहून घ्या, ग्रुपवर टाका. नाहीतर तिला काढा. दोन्ही नसेल जमत तर खलास, मी फाइली दुसरीकडे देतो.’

मुतिंताला काढायचं म्हणजे नुसतं काढायचं नसतं. तिचा व्हिसा सेंटरच्या नावावर. नोकरी गेली की व्हिसा रद्द, मग मुदतीत दुसरी नोकरी शोधा, नाहीतर सामान बांधा. चाळिशीतल्या टायपिस्टला कोण ठेवून घेणार होतं? आणि बारावी कथा मग कुठे बसून, कशावर लिहायची? हे सगळं मुतिंताला मनोरमाताईंपेक्षा चांगलं माहीत होतं. असे अर्ज तिने शेकड्यांनी टाइप केले होते.

म्हणून बुधवारी दुपारी सेंटर चारपर्यंत बंद झाल्यावर मनोरमाताईंनी तिला समोर बसवलं. दोघींची आपापसातली भाषा म्हणजे अर्धी इंग्रजी, पाव हिंदी, आणि उरलेली रागाची.

‘ती सासू कोण आहे, ते मला एकदा सांग,’ मनोरमाताईंनी विचारलं.

‘माझी आई म्हणते, ती सासू तिच्यावरूनच लिहिलीय. दोन महिने माझ्याशी बोलत नाहीये.’

मनोरमाताईंना हायसं वाटलं. मग लिहून दे ना तसं, त्या म्हणाल्या. आईवर आहे म्हण. संपला विषय.

‘तसं नाही लिहिता येणार, मॅडम. आईला मी सांगितलंय, की ती तू नाहीस, शारजातली एक मॅडम आहे.’

मनोरमाताईंनी कपाळाला हात लावला. चोमामध्ये सांगायचं शारजातली आहे, शारजात सांगायचं चोमातली आहे, आणि दोन्हीकडे आगी लावून आपण मध्ये शांत बसायचं. हे जर विद्युल्लताच्या कानावर गेलं असतं, तर गुरुवारची वाटसुद्धा बघावी लागली नसती. त्यांचा आवाज चढला. चार ओळी आहेत, त्या म्हणाल्या, तू खरं लिही असं कोण म्हणतंय? अर्जात लोक वजन खरं लिहितात का?

मुतिंता हसली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या रिकाम्या सहा वर्षांबद्दल बोलली. तिची पहिली गोष्ट छापून आली तेव्हा शाळेच्या हेडमास्तरांच्या बायकोला वाटलं, ही आपल्यावर आहे. रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर मुतिंताला उभं केलं. तिने स्वतः टाइप केलेली माफी स्वतः वाचली. चारच ओळी होत्या. नोकरी वाचली. आई खूश झाली.

‘त्यानंतर मशीनसमोर बसले की त्या चार ओळीच यायच्या,’ ती म्हणाली. ‘सहा वर्षं. दुसरं काही येईना. आता पुन्हा टाइप केल्या तर मी पन्नाशीला पोचेन, मॅडम.’

मनोरमाताईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. त्यांनाही दुकान होतं, आणखी दोन टायपिस्ट होत्या, भाडं होतं. प्रत्येकाने आपापली तत्त्वं सांभाळायची आणि त्यांनी एकटीने सगळ्यांना सांभाळायचं, हा कुठला न्याय? तोंडातून निघून गेलं, ‘मग स्वतःचा कॅन्सलेशनचा अर्ज टाइप कर. ते तरी येतं ना?’

‘येतं, मॅडम,’ मुतिंता म्हणाली.

आणि तिने तो केला. पाठ सरळ ठेवून, एकदाही न थांबता. नाव, पासपोर्ट नंबर, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख. प्रिंट काढली, कामगाराच्या जागी आपली सही केली आणि मालकाच्या सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारून कागद मनोरमाताईंपुढे ठेवला, जशी ती कोणाच्याही अर्जावर मारते. मग डबा घेऊन ती मागच्या खोलीत गेली.

मनोरमाताई पेन हातात धरून बसल्या. पेन चालेना. सही करण्याआधी कागद वाचायचा, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. अर्ज त्यांनी वाचला, एक चूक नव्हती. मग त्यांच्या मनात आलं, की ज्या गोष्टीपायी हे सगळं चाललंय तीही आपण वाचलेली नाही. त्यांनी फोन काढला, चष्मा वर केला आणि ‘साखरेचं कपाट’ उघडलं. आठ पानं असतील.

सासू साखर कुलूपबंद ठेवते, इथवर त्यांना माहीत होतं. पुढचं कोणी सांगितलं नव्हतं. ती किल्ली सासूच्या गळ्यात दोरीला असते. रोज सकाळी ती प्रत्येक सुनेला दोन चमचे साखर देते, अंगठ्याने चमचा सपाट करून. साखरेचा भावही रोज सांगते, आणि तो तिच्या लहानपणी किती होता तेही. मग म्हातारीला विसर पडायला लागतो. एक दिवस ती किल्ली शोधू लागते. किल्ली गळ्यातच असते. घरातल्या सगळ्यांना दिसते, पण सांगत कोणी नाही, कारण मग तिला कळेल की आपल्याला आता काही आठवत नाही. अकरा दिवस सगळं घर तिच्याबरोबर बिनसाखरेचा चहा पितं. शेवटी धाकटी सून, जिला नेहमी ओरडा बसतो, तिला आंघोळ घालताना दोरी हळूच काढते आणि किल्ली तिला सापडेल अशी उशीखाली ठेवते. म्हातारी खूश होऊन कपाट उघडते, आणि सुनेला दोन चमचे साखर देते. सपाट.

मनोरमाताईंचा हात गळ्यातल्या पट्ट्याकडे गेला. बाहेर गॅरेजवाला रेडिएटर ठोकत होता. पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये! आपलाच आवाज त्यांना ऐकू आला, आणि कानशिलं तापली. शारजातली एक मॅडम. विद्युल्लताच्या फ्रीझरचं काय घेऊन बसलोय आपण. आठ वर्षं ही बाई बाद कागदांच्या पाठीवर लिहितेय, आणि आपण तो संग्रह काउंटरवर मिरवतोय. राग यायला हवा होता. आला सुद्धा. पण त्या म्हातारीच्या बरोबर फिका चहा पिणाऱ्या सुना डोळ्यांसमोर आल्या, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना.

त्यांनी विद्युल्लताबाईंना फोन लावला. उगाच इकडचं तिकडचं बोलल्या नाहीत.

‘विद्युल्लता, ती गोष्टीतली सासू तू नाहीस. ती मी आहे. माझी कागदाच्या कपाटाची किल्ली, माझी मोजणी, सगळं माझं आहे. मी वाचलंय आत्ता. वाटलं तर ग्रुपवर मी स्वतः लिहिते. माफी मागायची असेल तर मुतिंता माझी मागेल, आणि मला नकोय.’

मनोरमाताई वाट बघत होत्या. कोणीतरी म्हणेल, अहो काहीतरीच काय, तुम्ही कशाला तशा असाल? एवढी अपेक्षा काही फार नव्हती.

‘खरं सांगू का मनोरमाताई,’ विद्युल्लताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आठवड्याभरात पहिल्यांदा मोकळा झाला होता, ‘मला आधी तेच वाटलं होतं. किल्लीवरूनच. पण म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल.’

मागून अंबादासभाऊंचा आवाज आला, मी म्हणत होतो ना. फाइली उद्या सकाळी पाठवतो, असंही ते म्हणाले. मनोरमाताईंनी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. पाच मिनिटांत चोवीस बदाम, आणि आधी सासूपदावर हक्क सांगणाऱ्या त्या दोघींपैकी एकीने लिहिलं, ‘आम्ही ओळखलंच होतं ताई!’ दोनशे दहा माणसांत एकाला नाही म्हणावंसं वाटलं नाही. शर्वाणीनेसुद्धा ऑफिसमधून नुसता हसरा चेहरा पाठवला. आणि ही सगळी मंडळी आठवडाभर सुतावरून स्वर्ग गाठत होती.

चारला मुतिंता बाहेर आली आणि तिने सवयीने पुढचं दार उघडलं. मग टेबलावरचा अर्ज बघितला.

‘सही राहिलीय, मॅडम.’

‘मला दिसतंय,’ मनोरमाताई म्हणाल्या. त्यांनी तो अर्ज उचलला आणि बाद कागदांच्या ट्रेमध्ये पालथा टाकला. मग गळ्यातला पट्टा काढून त्यातली किल्ली सोडवली आणि मुतिंताच्या कीबोर्डवर ठेवली. किल्ली आजपासून तुझ्याकडे, असं म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडातून नुसतंच ‘हं’ निघालं.

मुतिंताने किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती उठली, कपाट उघडलं, दुपारच्या कामाचे पन्नास कागद मोजले, अंगठ्याने कडा सारख्या केल्या आणि कुलूप लावलं.

‘अगं, आणखी घे ना,’ मनोरमाताई वैतागून म्हणाल्या. ‘तुझ्या लिहिण्याला घे. अख्खी रीम घे.’

‘कोऱ्या कागदावर सुचत नाही, मॅडम.’

तिने ट्रेमधून वरचाच कागद उचलला, तो स्वतःचाच. पासपोर्ट नंबरावर काळा मार्कर फिरवला, नावावरही फिरवला, कागद उलटा केला आणि गिऱ्हाईक येईपर्यंतच्या वेळात लिहायला लागली. मनोरमाताईंनी हात टेकले. आठ वर्षं झाली, ही बाई एक गोष्ट सरळ ऐकेल तर शपथ. तरी पहिल्या दोन ओळी होईपर्यंत त्यांनी धीर धरला, मग काउंटरवरचे कागद नीट करण्याच्या निमित्ताने पुढे वाकल्या. त्यांना उलटं वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठे दिसतंय का, ते त्या बघत राहिल्या.